पट्टीने मारलेली रेघ

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सांगायचं ते राहूनच गेलं. बेंगळुरूच्या त्या प्रयोगशाळेत सगळे तुम्हाला सर म्हणायचे. मीच एक मराठी विद्यार्थिनी आणि तुमच्या कानडी घरातही मराठी चालायचं, म्हणून मला अण्णा म्हणायची मुभा. साठच्या दशकातले ते दिवस. तुमच्या डोक्यात एकच होतं: जिवाणू सगळी एन्झाइमं सतत बनवत नाही, जन्मापासून दुभंगेपर्यंत प्रत्येक एन्झाइमाची वेळ ठरलेली असते. एकदा जेवायला घरी नेलंत, तेव्हा स्वयंपाकघरात बहिणीकडे बोट दाखवून म्हणालात, "आमची अक्का बघ. आधी सारू, म्हणजे तुमचं सार, मग भात, पापड शेवटी. सगळं एकदम चढवते काय?" अक्का म्हणाल्या, "स्वल्प, जरा बाजूला हो, मग शिकव तिला." किती हसलो आपण.

ते पडताळायचं काम माझ्याकडे आलं. फिल्टर पेपरच्या थप्पीतून गाळून सगळ्यात लहान, म्हणजे नुकते जन्मलेले जिवाणू घ्यायचे आणि ते एकत्र वाढताना दर पाच मिनिटांनी नमुना काढायचा. नळीतला पिवळा रंग जितका गडद, तितकं एन्झाइम जास्त. सुरुवातीला माझे आकडे वेडेवाकडे आले, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हात आहे की झाडाची फांदी?" फार लागलं मला ते. आणि मग तो दिवस. मी घड्याळ लावून बसले आहे. नमुन्यामागून नमुना, रंग तेवढाच. मग एकाएकी गडद होतो. पुन्हा करते, पुन्हा तेच. दोनदा तेच आलं तेव्हाच उमगायला हवं होतं, की ही उडी म्हणजेच तुमची ती ठरलेली वेळ. पण मला वाटलं, हातच चुकतोय, आणि पुन्हा बोलणी खायची नव्हती. मधली उडी मी सगळ्या आकड्यांत सारखी वाटून टाकली आणि पट्टी लावून सरळ चढती रेघ मारली.

तो आलेख खिडकीशी नेऊन तुम्ही बराच वेळ पाहिलात. "सरी, असू दे," म्हणालात, "म्हणजे सततच बनतं. माझंच चुकलं बघ." वर हात सुधारला म्हणून स्वतःचं स्टॉपवॉच मला दिलंत. तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत.

पुढे जिवाणूंची जनुकं वेळेवर कशी जागी होतात, हे मीच वर्गात शिकवलं. फळ्यावर ती उडी काढताना मुलांकडे बघवत नसे. दुसऱ्यांनी शोधलेलं तुमचं खरं मी शिकवत होते, याची लाज अजून जात नाही.

आणखी एक. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला आले, तेव्हा खऱ्या आकड्यांची वही पिशवीत होती. तुम्ही विचारलंत, "स्टॉपवॉच चालतंय ना गं?" मी म्हटलं, "चालतंय, अण्णा." वही काढलीच नाही.