लीड, ट्रेल, सेंटर आणि मी

३ जानेवारी, सकाळी ७
नवी डायरी. संकल्प एकच: यंदा बास्केटबॉलच्या फायनलला शिट्टी वाजवायची. बावीस वर्षं पंच आहे. सेमीफायनल नऊ, फायनल एकही नाही. कारण राजकारण. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येते, म्हणजे हा शेवटचा सीझन. दुसरा संकल्प: रोज तीन किलोमीटर पळणे. उद्यापासून.

५ जानेवारी
पळालो नाही. बूट ओले होते.
असोसिएशनचा फतवा: यंदापासून दोनऐवजी तीन पंच. एक बास्केटखाली, तो लीड. एक मागे मध्यरेषेच्या बाजूला, तो ट्रेल. तिसरा समोरच्या कडेला एकटा, त्याला म्हणे सेंटर. कडेला उभा राहणाऱ्याला सेंटर म्हणणाऱ्यांच्या अकलेबद्दल काय लिहावं! बॉलने बाजू बदलली की लीडने पलीकडे जायचं आणि उरलेल्या दोघांनी आपापसात कामं बदलायची. याला रोटेशन म्हणतात. आमच्या ऑफिसात हेच चालतं. टेबलं बदलतात, फाइल हलत नाही.

९ जानेवारी
पंचांचा वर्ग. शिकवायला निरीक्षक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. फळ्यावर नुसते बाण. म्हणाला, बॉलकडे बघत बसू नका, आपल्या वाट्याच्या भागाकडे बघा. उद्या ड्रायव्हरला सांगेल रस्त्याकडे बघू नका. मी एक अक्षर लिहून घेतलं नाही.
माझ्या गळ्यात दोघं मारलेत. एक बँकेतला कॅशियर. शिट्टी वाजवतो की सुस्कारा टाकतो, कळत नाही. दुसऱ्या म्हणजे एका शाळेतल्या पीटीच्या बाई, वय एकोणतीस. निरीक्षक शिंकला तरी वहीत लिहून घेतील. मला सर म्हणतात. तेवढी समज आहे.

१२ जानेवारी, संध्याकाळी
हॉलमध्ये सराव. खुर्ची म्हणजे बास्केट, उशी म्हणजे बॉल. उशी सासूबाईंकडे. मी लीड, मेहुणा ट्रेल, ही सेंटर. सासूबाईंनी उशी डावीकडे फेकली. ही बरोबर हलली, मेहुणाही हलला. हिने विचारलं, तुम्ही का नाही हललात. अनुभवी माणसाला जागेवरून दिसतं, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, जावयांचे गुडघे धरलेत, त्यांना छळू नका. सराव बंद केला. या घरात तांत्रिक विषय काढण्यात अर्थ नाही.

१३ जानेवारी
गुडघे खरंच धरलेत. सासूबाईंना सांगितलं नाही.

२० जानेवारी
पहिला सामना. रोटेशन एकदा करून बघितलं. मी पलीकडे पोचलो आणि बॉल नेमका परत आला. पुन्हा केलं नाही. मग एकदा बॉल बाईंच्या बाजूला गेला, मी येईन म्हणून त्या मागे सरकल्या, मी जागेवरच, आणि बॉल होता तिकडचा अख्खा कोपरा ओस. तिथे एका पोराने मैदानाबाहेरच्या रेषेवर पाय देऊन बास्केट केली. कोच बोंबलला की तिकडे कोण बघतंय. चूक बाईंची. मी हललो नाही हे त्यांना दिसायला हवं होतं. सामन्यानंतर त्या नम्रपणे म्हणाल्या, सर, लीड हलला तरच आम्हाला हलता येतं. म्हणजे सगळं माझ्यावर अवलंबून आहे, हे कबूल केलं.

८ फेब्रुवारी
निरीक्षकाचे नवे तारे. दोन खेळाडू धडकले की मूठ वर करायची, थांबायचं, एकमेकांकडे बघायचं आणि ज्याच्या भागात धडक झाली त्यानेच खूण करायची. एकमेकांकडे बघायला आम्ही काय लग्नाला उभे आहोत? मी बघणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघावं.

१५ फेब्रुवारी
फायनलची यादी लागली. मी आहे! बाई, कॅशियर आणि मी. प्रमुख पंच म्हणून बाईंचं नाव आहे, ती टायपिंगची चूक. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, शेवटचा सीझन म्हणून तुमचा विचार केला. विचार केला हे महत्त्वाचं. हिने पंचाचा शर्ट न सांगता इस्त्री करून ठेवला. तो घालून आरशासमोर उभा राहिलो. बावीस वर्षं!
उद्यापासून पळणार.

१ मार्च, संध्याकाळी
फायनल झाली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक जण बाईंच्या बाजूने बॉल घेऊन घुसला आणि बास्केटखाली धडकला. बाईंनी म्हणे मूठ वर करून माझ्याकडे बघितलं. मी पब्लिककडे बघत होतो. त्यांना माझी पाठ दिसली म्हणून त्यांनी खूण केली, त्याच क्षणी मीही केली. त्यांच्या मते बचाव करणारा दोषी, माझ्या मते बॉलवाला. शेवटी फाउल दोघांना लागला. पब्लिक हसलं. पब्लिकला कळतं काय! दोन्ही कोच माझ्यावर धावून आले. त्यांचं एकमत पहिल्यांदाच पाहिलं.
चौथ्या क्वार्टरआधी बाई हळूच म्हणाल्या, सर, तुम्ही मध्यरेषेच्या टोकालाच थांबा, बॉल कुठेही जाऊ दे. कॅशियरनेही मान हलवली. थोडक्यात, मोक्याची जागा मला. दोघं घामाघूम होऊन पळत होते, मी शांत. दहा मिनिटांत एकदाही शिट्टी वाजवावी लागली नाही. दरारा म्हणतात तो हा.

३ मार्च, सकाळी १०
निरीक्षकाचा रिपोर्ट आला. ‘चौथ्या क्वार्टरमध्ये प्रत्यक्षात दोनच पंच काम करत होते. स्पर्धेतलं सर्वांत निर्दोष क्वार्टर.’
तीनदा वाचलं. या माणसाला खेळातलं काही कळत नाही, असं लिहायला बसलो होतो.
लिहिता येईना.