दारातल्या खणातला शिक्का

कानाझावा
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्राची सुरुवात हवेपासून करावी असं आईनं आपल्याला शिकवलं, म्हणून तसंच करते. दोन दिवसांपासून इथे चांगलाच गारठा पडलाय. शेजारच्या हामानो आजोबांनी बर्फाच्या भीतीनं पाइनच्या फांद्यांना दोऱ्या बांधायला घेतल्या आहेत, आणि नेहमीप्रमाणे शिडी माझीच नेली आहे. माझा गुडघा बरा आहे. माकिको वहिनींची पाठ कशी आहे? हारुनाचा कॅनडाहून फोन येतो की नाही?

काल मी क्योटोला जाऊन आले. एकटीच. तुला न सांगता.

न सांगण्याचं कारण होतं, ते पुढे लिहीन. आधी दिवस कसा गेला ते ऐक. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, 'चिझु, नंतर करतो' म्हणतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

पहाटेची गाडी धरली. दर नोव्हेंबरात आई आपल्याला न्यायची तोच क्रम ठेवायचा असं ठरवलं होतं. आधी डोंगराच्या कुशीतलं मोठं देऊळ, मग झेन देवळात जेवण, आणि शेवटी आपलं देऊळ, बाबांची आणि आईची कबर. मोठ्या देवळात शाळेच्या सहली लोटल्या होत्या. पिवळ्या टोप्या, रांगा, मास्तरांच्या शिट्ट्या. बुद्धासमोर आई किती वेळ हात जोडून उभी राहायची, आठवतं? तू तिची बाही ओढायचास. "एवढं काय मागतेस गं?" तर म्हणायची, "मागत नाही रे, हजेरी लावते." मीही काल हजेरी लावली. मागे एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "ही आजी झोपली की काय उभ्या-उभ्या?" मला हसू आलं. तोपर्यंत मी हसत होते.

जेवणाच्या देवळात अजून तीच चटई, तोच मागचा शेवाळाचा बगिचा, आणि वाढायला एक पंचाहत्तरीच्या बाई, माझ्याहून ताठ. मी माझी कापडी पिशवी शेजारच्या उशीवर ठेवली. त्यांनी विचारलं, "आणखी कुणी यायचंय का?"

"आलंय," मी म्हटलं.

त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुसरा चहाचा पेला आणून पिशवीसमोर ठेवला. "जेवणाचं ताटही आणू का? पण मग दोन्ही तुम्हालाच संपवावी लागतील हं. आमच्याकडे पानात टाकलेलं चालत नाही, मग ते कुणाच्याही पानातलं असो."

मी एकच घेतलं. तिळाचा टोफू, वर हिरव्या वसाबीचा तिखट ठिपका. सोयाच्या दुधावरची साय. मऊ शिजलेला मुळा, त्याला फक्त समुद्री शेवाळाचा आणि वाळल्या अळंबीचा रस, आणि तरी मासा घातल्यासारखी चव. तिळाचा टोफू आईच्या हातचा नव्हता. आई तीळ इतके वाटायची की तिचा दंड भरून यायचा, मग ती खल माझ्याकडे सरकवायची. तुझ्याकडे कधी नाही.

शेवटी मुळ्याच्या लोणच्याची एक फोड ठेवायची, वाडग्यात चहा ओतायचा, फोडीनं वाडगा पुसायचा, चहा पिऊन टाकायचा आणि फोड खाऊन टाकायची. तू नेमकं लोणचं आधीच मटकावायचास. मग आई ओरडायची, "आता वाडगा कशानं पुसशील, जिभेनं?" आणि तू टेबलाखालून माझी फोड घ्यायचास. मी कधी तक्रार केली नाही. काल वाडगा पुसताना हे आठवलं, आणि खरं सांगते, तेव्हा तुझी माया आली.

तासाभरानं मी आपल्या देवळात पोचले.

सुमिए काकू दारातच पानं झाडत होत्या. त्यांचे यजमान, थोरले भटजी, गेल्यापासून मुलगा सगळं बघतो, पण झाडू अजून काकूंच्याच हातात आहे. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, चिझुको! केस किती पांढरे केलेस! ये, ये. पण कळवलं असतंस तर काहीतरी गोड करून ठेवलं असतं."

"सभामंडपाच्या छताचं काम चाललंय ना, म्हटलं तुम्हाला उगाच त्रास नको," मी म्हणाले.

"छत? कुठलं छत?" काकूंनी वर बघितलं. मीही बघितलं. छत जागच्या जागी होतं दादा. एक कौल हललेलं नव्हतं. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास की छत उघडंय, म्हणून आईचं सातव्या वर्षाचं श्राद्ध तिथे नको, तुझ्या घरीच उदबत्ती लावू, आणि माझा गुडघा असा, तर मी यायचीही गरज नाही. मी काकूंना म्हटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली असेल.

पाण्याची बादली घेतली, पळी घेतली, फुलं घेतली आणि वाटेनं आत गेले. तिसरी ओळ, कापराच्या झाडापासून चौथी. मी दोनदा मोजलं. मग पुढच्या ओळीतही जाऊन बघितलं, म्हातारपणी माणूस स्वतःवरच आधी संशय घेतो. चौथ्या जागेवर बारीक पांढरी खडी होती, फणीनं विंचरल्यासारखी सपाट. आपला दगड नव्हता. बाबांचं नाव नव्हतं, आईचं नव्हतं.

बादली हातातच राहिली. काकू मागून आल्या. त्यांना वाटलं, मी नव्या जागेची वाट चुकले. "इकडे नाही गं, मागच्या बाजूला. सगळ्यांची मिळून एकच कबर आहे ना आता, तिथे. गेल्या वर्षी मे महिन्यात नाही का केलं? शिगेमीदादा म्हणाला, तू येऊ शकत नाहीस, पण तुझी संमती आहे."

मी विचारलं, "अस्थींची भांडी वेगवेगळी ठेवली आहेत ना?" विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

"छे गं. भांड्यातून काढून खाली मातीत सोडतात. एकदा मिसळलं की मिसळलं. तुमच्या कागदात तसं लिहिलं होतं." मग माझा चेहरा बघून त्यांनी मला आत नेलं, फाइल काढली आणि पान माझ्यासमोर धरलं. तुझी सही होती. खाली 'बहिणीची संमती' आणि पुढे सहीच्या जागी लाल शिक्का.

शिक्का माझाच होता, सासरच्या नावाचा. वरच्या कडेला टवका उडालेला. आईजवळ दोन वर्षं राहिले तेव्हा पार्सलवाल्यासाठी दारातल्या खणात ठेवलेला, अगदी स्वस्तातला. पर्सिमनच्या फळांचं खोकं घेताना आईच्या हातून पायरीच्या दगडावर पडला आणि टवका उडाला. आई दिवसभर हळहळली होती. "तुझ्या सासरच्या नावाला इजा झाली गं माझ्या हातून." घर रिकामं करताना तो खण तू आवरलास. मी म्हटलं होतं, "त्यातलं काही नको मला, टाकून दे." तू टाकला नाहीस.

काकूंनी विचारलं, "तुझाच शिक्का ना?"

मी म्हटलं, "हो, माझाच."

बाहेरच्या माणसासमोर सख्ख्या भावाला खोटं पाडायला माझी जीभ वळली नाही. पण दादा, तू केसानं गळा कापलास माझा. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी 'चिझु काही बोलली नव्हती' असं तुला म्हणता येणार नाही.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. हारुना परत यायची नाही. मला मूल नाही. आपल्यामागे त्या दगडावर पाणी कोण घालणार, हा प्रश्न मलाही पडतो. आज किती घरं अशी कबर मोडतात, कुणी कुणाला नावं ठेवत नाही. तू विचारलं असतंस तर मी भांडले असते, आठ दिवस रडले असते, आणि कदाचित हो म्हटलं असतं, फक्त आईला त्या सगळ्यांच्यात घालू नको एवढं मागितलं असतं. कारण इस्पितळातली सहा खाटांची खोली तुलाही आठवत असणार. शेजारची बाई घोरायची आणि आई तोंडावर टॉवेल घेऊन पडायची. "मेल्यावर तरी मला एकटीला जागा द्या रे. अनोळखी माणसांत मला झोप येत नाही." मी तिचा हात धरून वचन दिलं. तू खुर्चीवर बसून नाशपाती सोलत होतास. म्हणालास, "हो गं आई, तिथे कोण येतंय तुझ्याशेजारी? बाबा तेवढे, आणि ते कुठे घोरतात!" आई किती हसली होती.

आणि कबर मोडलीस ती मोडलीस. पण या सप्टेंबरात, पितरांच्या दिवसांत, तू मला फोटो पाठवलास. आपला दगड, त्यापुढे निळी फुलं. खाली लिहिलं होतंस, 'आज जाऊन आलो. गवत फार वाढलं होतं, काढलं.' मी तो फोटो इथे सगळ्यांना दाखवला. भाऊ किती करतो म्हणून मिरवलं. कुठलं गवत काढलंस दादा? दीड वर्ष तिथे नुसती खडी आहे. मला बाकी सगळं एक वेळ गिळता येईल, ते गवत गिळता येत नाही.

आता माझं कारण. मी न सांगता का गेले ते.

मी चोर आहे. सहा वर्षांपूर्वी, दहनानंतर आपण दोघं समोरासमोर उभे राहून काड्यांनी आईची हाडं उचलत होतो. एकच हाड दोघांनी मिळून धरायचं आणि भांड्यात ठेवायचं. मध्येच तू डोळे पुसायला वळलास, आणि मी करंगळीचं एक बारीक हाड रुमालात घेतलं. का घेतलं, सांगता येत नाही. तीळ वाटताना ती करंगळी वर उचललेली असायची, एवढंच डोळ्यांपुढे होतं. कुणाला कळलं नाही. पण चोराच्या मनात चांदणं. सहा वर्षं मी ते दागिन्यांच्या डबीत लपवून ठेवलं आणि दर वर्षी वाटायचं, आपण आईला अपुरी ठेवली. ती गेली ते वर्ष धरून येणाऱ्या या सातव्या वर्षाच्या श्राद्धाआधी ते परत ठेवायचं, काकूंना विनवून दगड सरकवून घ्यायचा, आणि मग तुला येऊन सगळं कबूल करायचं, असं ठरवून मी निघाले होते. उशीवरच्या पिशवीत आई होती. तुझी माफी कशी मागायची याची वाक्यं मी गाडीत बसून जुळवत होते.

त्या मागच्या सामायिक दगडापाशी मी उभी राहिले. स्वच्छ जागा आहे, फुलंही बरीच होती. काकू म्हणाल्या, "काही ठेवायचं असेल तर सांग, वरची फट उघडते." मी रुमाल बाहेर काढला. आई सगळी तिथेच आहे, मग हे एवढंसं वेगळं कशाला, असंही वाटलं. खूप वेळ उभी होते. शेवटी काकूंना म्हटलं, "नाही, काही नाही ठेवायचं," आणि बादलीतलं पाणी दगडावर ओतून निघाले. वाटेत भूक लागली. लाज वाटली, पण लागली. स्टेशनाजवळच्या टपरीवर गरम टोफू खाल्ला आणि रडले. टपरीवाला म्हणाला, "आलं जास्त झालं का हो?"

तेव्हा आता असं आहे. आईचं जे वेगळं राहिलंय ते माझ्याकडे आहे. माडीवरची पूर्वेची खोली तिला दिली आहे. एकटीला. शेजारी कुणी नाही. श्राद्ध आठ डिसेंबरला इथेच, इथल्या भटजींना आज सकाळी सांगून आले. तिळाचा टोफू मी करणार आहे. तुझं ताट मांडलेलं असेल. आलास तर त्या खोलीत आधी एकटा जा आणि जे सांगायचं ते तिला तूच सांग. तुझ्या वतीनं 'हो' म्हणायचं काम मी कालच शेवटचं केलं.

हे पत्र रजिस्टरनं पाठवते आहे. पोस्टमन पत्र घेतल्याचा शिक्का मागेल. या वेळी तुझाच मार.

आईच्या घरून,
चिझुको