तेराव्या बोर्डाची पांढरी बाजू

३ मार्च २००४

शाळेतला शेवटचा कॉम्प्युटरही आज आडवा झाला. एकोणीसच्या एकोणीस! दोन वर्षांचेसुद्धा नाहीत. शोरूमवाल्याने मुख्याध्यापिका बाईंना ऐकवलं — मदरबोर्ड गेले, भंगारात घाला, नवीन घ्या.

मी तिथेच एक कॅबिनेट उघडलं. "बाई, हे करंगळीच्या पेराएवढे कॅपॅसिटर बघा. डोकी सपाट हवीत, ती फुगलीत. हे बदलले की झालं. बोर्ड धडधाकट आहे!"

शोरूमवाला हसला. "बोर्ड रिपेअर होत नसतो, काका. बदलतात. तुमचं शिक्षण काय?"

काका! माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल.

"नववी नापास," म्हणालो. "आणि एक जरी बोर्ड माझ्या हातून मेला, तर माझ्या दुरुस्तीच्या दुकानाची पाटी उतरवीन."

बाईंनी वीस तारखेपर्यंत मुदत दिली. बावीसला पोरांची प्रॅक्टिकल आहे.

४ मार्च

ही म्हणाली, "पाटी उतरवीन म्हणे! ती रंगवायला चार दिवस घेतले होतेत." खरंय. प्रत्येक अक्षर पट्टीने मोजून रंगवलं होतं. म्हटलं, उतरवायची वेळ येणार नाही. "तोंडाला लावायचा एखादा पार्ट मिळतो का तेही बघा," म्हणाली, आणि कॅबिनेटचे स्क्रू खोलायला बसली.

६ मार्च

पहिला बोर्ड. नऊ कॅपॅसिटर. रेडिओच्या दिवसांपासून माझा नियम — जुना पार्ट काढण्याआधी वहीत चित्र. कोणता कुठे, उणे बाजू कुठली. कॅपॅसिटर उलटा बसला की फुटलाच. या बोर्डावर ओळखायला सोपं आहे : छापलेल्या वर्तुळाचा पांढरा अर्धा भाग म्हणजे उणे.

बटण दाबलं. बीप! एकच, स्वच्छ.

७ मार्च

दुसराही बोलला. म्हणे रिपेअर होत नसतो!

१२ मार्च

बारा झाले. एकही बाद नाही. शोरूमवाला हल्ली दुकानावरून जरा जास्तच चकरा मारतो. आज दारातून विचारतो, "काका, जमतंय का?" म्हटलं, "या की आत, बीप ऐकून जा." नाही आला.

चित्रं काढणं बंद केलंय. सगळे बोर्ड सारखे, उगाच वेळ जातो. आता हात डोळे मिटूनही बसवतील.

१४ मार्च

लिहायचं नव्हतं. पण वहीशी खोटं बोलून जाणार कुठे?

तेरावा बोर्ड. उरलेले सात दुसऱ्या कंपनीचे, हिरवे नाहीत, तपकिरी. पांढरी बाजू बघितली, उणे धरली, बसवले. बटण दाबलं — फट्! फट्! धूर, कुबट वास, आणि बोर्डावरची तांब्याची रेघ जळून काळी. संपला.

या कंपनीने पांढरी बाजू अधिकसाठी छापलीय. माझे नऊच्या नऊ उलटे.

कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. कुठल्या गाढवाने छापलं हे! हिने सगळं ऐकून घेतलं. मग कॅलेंडरचं जुनं पान आणून पुढ्यात ठेवलं. पाठीमागे पेन्सिलीने तेराव्या बोर्डाचं चित्र. प्रत्येक वर्तुळ, प्रत्येक उणे. जुने पार्ट निघायच्या आधी काढलेलं.

"तुम्ही सोडलंत, म्हणून मी काढायला लागले. नियम तुमचाच ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! चित्र बघता का, म्हटलं. तुम्ही म्हणालात, तू आपली स्क्रू मोज."

म्हणालो होतो.

१७ मार्च

चित्रं हिची, सोल्डरचा डाग माझा. उरलेले सहाही तपकिरी चालू. शेवटचे दोन तिने स्वतःच बसवले. तिचा डाग माझ्यापेक्षा चकचकीत बसतो. हे फक्त इथे लिहितोय.

१९ मार्च

शाळेत अठरा कॉम्प्युटर जोडले. अठरा वेळा बीप, तेही शोरूमवाल्याच्या देखत! नव्या मालाची यादी घेऊन आला होता. ती त्याने गुंडाळून खिशात घातली.

बाई खूश. म्हणाल्या, "एकोणिसावा आधीच मेलेला असेल हो, त्याचं काय एवढं!"

सुटलो होतो. मान डोलावली असती की झालं.

"नाही बाई. जगला असता. मी मारला. पार्ट उलटे बसवले."

शोरूमवाल्याचा चेहरा उजळला. "मग काका, पाटी?"

"शिडी आहे माझ्याकडे."

२० मार्च

सकाळी दहाला पाटी उतरवली. तो समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघत होता. बघू दे! पाटी उतरलीय, दुकान नाही. बाईंनी घरचा कॉम्प्युटर पाठवलाय, त्यातलेही फुगलेत. माझ्या खुर्चीवर ही बसलीय.

मी स्क्रू मोजतोय.