वीरांची मूल्ये आणि अनुक्रमांक ४७ ची खुर्ची

प्रति,
मा. कुलसचिव,
मुख्य कार्यालय, पहिला मजला,
जिन्यासमोरचे दालन.

अर्जदार : टंकलेखिका, प्राचीन ग्रीक साहित्य विभाग.

विषय : माझ्या मौखिक परीक्षेच्या पत्रकावर दोन सह्या मिळण्याबाबत, आणि ज्या खुर्चीपायी त्या सात महिने अडल्या आहेत त्या खुर्चीबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरचे माझे तीन अर्ज. २) आपले उत्तर : प्रकरण खुर्चीचे असल्याने भांडार विभागाकडे जावे. ३) भांडार विभागाचे उत्तर : प्रकरण मूल्यांचे असल्याने कुलसचिवांकडे जावे.

महोदय,

संदर्भातील दोन्ही उत्तरे मला एकाच दिवशी मिळाली. हे काम आपले नाही यावर दोन कार्यालयांचे इतक्या तत्परतेने एकमत झालेले मी नोकरीत प्रथमच पाहिले. अभिनंदन करून चौथा अर्ज सादर करते.

१. मी या विभागात एकोणीस वर्षे टंकलेखन करते. ग्रीक महाकाव्यांवरचे प्रबंध, लेख, भाषणे आणि मधूनमधून राजीनाम्याच्या धमक्या, सगळे माझ्या हाताखालून गेले आहे. त्यामुळे ते वीर मला माझ्या सख्ख्या दिरांपेक्षा जास्त ओळखीचे आहेत. दीर वर्षातून एकदा येतात, वीर रोज येतात. दुसऱ्यांची मते टाइप करून करून मलाही एक मत झाले, म्हणून सात वर्षांपूर्वी रीतसर नोंदणी करून प्रबंध लिहायला घेतला. विषय : महाकाव्यात ज्यांना कोणी काही विचारत नाही, अशा माणसांची मूल्ये. युद्धात वाटून घेतलेल्या स्त्रिया, जखमेच्या खुणेवरून धन्याला ओळखणारी म्हातारी दाई, अनोळखी पाहुण्याला अंगावर घालायला झगा देणारा डुकरे राखणारा, आणि शेवटी फासावर दिलेल्या बारा दासी. प्रबंध पूर्ण आहे, बाहेरच्या परीक्षकांनी मान्य केला आहे. नोंदणीला दोनदा मुदतवाढ झाली आहे, तिसरी मिळत नाही. मुदत या महिन्याच्या ३० तारखेस संपते आणि आज २३ आहे. त्यानंतर नियमाप्रमाणे माझी सात वर्षे झालीच नाहीत असे धरले जाईल. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते, म्हणजे पुन्हा नोंदणीचा प्रश्न नाही. अडले आहे ते एक पानी पत्रक. त्यावर माझे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख या दोघांनी एकमेकांच्या समक्ष सही करायची असते.

२. हे दोघे कोण, हे आपण जाणताच, तरी नोंदीसाठी. माझ्या मार्गदर्शकांना सगळे थोरले सर म्हणतात. त्यांच्या मते त्या काळच्या वीराला मन नावाचा अवयव नव्हता, लोक काय म्हणतील एवढाच होता. मान म्हणजे डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी, सर्वांसमक्ष वाटून मिळालेली वस्तू. वस्तू काढून घेतली की माणूस तेवढा कमी झाला. विभागप्रमुखांच्या मते वीराला आतला आवाज होता, आणि खरा नेता तो जो आपला वाटा सर्वांआधी सोडतो. दोघांचे ग्रंथ एकाच वर्षी, एकाच यंत्रावर मी टाइप केले. सकाळी एक खरा वाटे, दुपारी दुसरा. पगार एकच असल्याने मी तक्रार केली नाही.

३. सात महिन्यांपूर्वी तपासणी झाली. विभागप्रमुखांच्या खुर्चीची पाठ निखळलेली आढळली आणि ती भांडारात जमा करण्याचा आदेश निघाला. स्वतःची द्यावी लागली म्हणून त्यांनी थोरल्या सरांची उचलून आणली : हातांची, गादीची, उंच पाठीची. महाकाव्य वाचलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. तिथेही सेनापतीला आपल्या वाट्याची बंदिवान स्त्री परत करावी लागते, म्हणून तो सगळ्यात मोठ्या योद्ध्याची काढून घेतो आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो. मी हे विभागप्रमुखांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "अहो बाई, तिथे माणूस होतं, इथे फर्निचर आहे. तुलना करताना जरा तारतम्य ठेवा." त्यानंतर त्याच खुर्चीत मागे रेलून त्यांनी मला नेत्याच्या त्यागावरचे भाषण सांगितले. चौदा पाने झाली.

४. थोरले सर त्याच दिवशी विभाग सोडून सायकल स्टँडमागच्या जुन्या नकाशांच्या खोलीत गेले. तेव्हापासून ते कशावरही सही करत नाहीत. दोन महिन्यांनी विभागप्रमुखांनी त्यांची समजूत काढायला तीन प्राध्यापक पाठवले. सोबत काय काय देऊ केले त्याची यादी मीच टाइप केली होती : भिंतीवरचा पंखा, काचेचे कपाट, खिडकीकडची खोली, ग्रंथालयातून दुप्पट पुस्तके, आणि खुद्द ती खुर्ची. खुर्चीपुढे विभागप्रमुखांच्या आग्रहावरून असे नमूद केले, की 'मी तीवर जेमतेम बसलो असून पाठ एकदाही टेकलेली नाही.' थोरल्या सरांनी तिघांना चहा पाजला, यादी शांतपणे ऐकली आणि सांगितले, "या इमारतीतल्या सगळ्या खुर्च्या माझ्या दारात आणून रचल्या तरी नको." तिघे परत आले. त्यातल्या एकाने वाटेत मला विचारले, "पंखा आता कोणालाच नको असेल, तर माझ्या खोलीत लावता येईल का हो?"

५. थोरल्या सरांच्या ग्रंथाच्या पान २१२ वर असे विधान आहे, की सर्वांसमक्ष देऊ केलेली भरपाई जो वीर नाकारतो, तो आपल्याच समाजाची मूल्ये मोडतो आणि पोरकट ठरतो. 'पोरकट' हा शब्द मी तेव्हा जरा सौम्य करू का म्हणून विचारले होते. ते नको म्हणाले होते. गेल्या आठवड्यात ते पान घेऊन मी नकाशांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. पण त्याची नुसती बंदिवान गेली होती, बाई. मला पाठदुखी आहे."

६. यानंतर मी शेवटचा उपाय केला. त्याच काव्याच्या अखेरीस एक म्हातारा राजा, ज्याने आपला मुलगा मारला त्या शत्रूच्या तंबूत एकटा जातो, त्याचे हात हातात घेतो आणि मुलाचे प्रेत मागतो. दोघेही रडतात. शत्रूबद्दलची करुणा हे महाकाव्याचे सर्वांत मोठे मूल्य, असे या एका गोष्टीवर आमच्या दोन्ही विद्वानांचे एकमत आहे. तेव्हा मी रविवारी सकाळी प्रबंध घेऊन थोरल्या सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडले. त्या म्हणाल्या, "या हो, तुम्ही तरी काहीतरी करा यांचं. सात महिने घरात खुर्ची हा शब्द काढायची सोय नाही. जेवतातसुद्धा उभ्याने." सरांनी माझे म्हाताऱ्या राजावरचे प्रकरण उभ्यानेच वाचले. वाचता वाचता त्यांचे डोळे खरोखर भरून आले, हे मी इथे चेष्टेने लिहीत नाही. डोळे पुसून त्यांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला, प्रबंध माझ्या हातात दिला आणि विचारले, "तो अजून त्याच खुर्चीत बसतो का?"

विभागप्रमुखांकडेही गेले. त्यांना म्हटले, सर, आपला वाटा आधी सोडायची हीच वेळ आहे. ते म्हणाले, "सोडतो की. आधी त्यांना माघार घेऊ दे."

७. वाटा गेल्यावर तंबूत रुसून बसलेला काव्यातला योद्धा उठतो तो त्याचे चिलखत घालून लढायला गेलेला जिवलग मित्र मारला जातो तेव्हा. माझ्याकडे पाठवायला असा मित्र नाही, प्रबंध आहे. तो ३० तारखेला मरेल. मग थोरले सर तंबूबाहेर आले काय आणि विभागप्रमुखांनी त्याग केला काय, मला उपयोग नाही.

८. म्हणून काल मी कपाटातली जडसंग्रह नोंदवही काढली. विभागातले प्रत्येक टेबल, खुर्ची, घड्याळ कोणासाठी आले हे या वहीत लिहिलेले असते आणि ती वही माझ्या ताब्यात असते. एकोणीस वर्षे मी तिच्यात नवीन नोंदी करत आले. जुन्या वाचायची वेळ आली नाही, ही माझी चूक मान्य करते. अनुक्रमांक ४७ : 'खुर्ची, हातांची, गादीची, उंच पाठीची. नग एक. टंकलेखिकेसाठी.' तारीख मी नोकरीवर रुजू झाले त्याच आठवड्यातली आहे. त्या आठवड्यात थोरले सर खोलीत आले होते, "ही कोणाची? बरी दिसते," म्हणाले होते आणि खुर्ची घेऊन गेले होते. मला वाटले, त्यांचीच असेल. मला स्टूल मिळाले. त्याचा एक पाय आखूड असल्याने खाली कच्च्या मुद्रितांची घडी घालावी लागते. सध्या थोरल्या सरांच्या ग्रंथाची आहे, त्याआधी विभागप्रमुखांच्या ग्रंथाची होती. दोन्ही सारख्याच जाडीच्या निघाल्या.

ज्या स्त्रीवरून तो सगळा राग-रुसवा झाला आणि इतकी माणसे मेली, ती अख्ख्या काव्यात एकदाच बोलते, तेही एका प्रेताशी. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण तिच्यावर आहे. खुर्ची कोणाची, हे सात महिन्यांत दोन विद्वान, तीन दूत आणि दोन कार्यालये यांपैकी कोणी मला विचारले नाही. वही माझ्याच कपाटात होती.

९. सबब विनंती :

(अ) अनुक्रमांक ४७ ही वस्तू नोंदीप्रमाणे माझी असल्याचे आपण लेखी कळवावे. तसे झाल्यास थोरल्या सरांचे काही गेलेले नाही आणि विभागप्रमुखांना सोडण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणजे दोघांचीही मूल्ये शाबूत राहतात.

(आ) दोघांना आज आपल्या दालनात बोलावून पत्रकावर समक्ष सह्या घ्याव्यात. बसण्यावरून वाद नको म्हणून मी माझे स्टूल सोबत आणले आहे. दोघांनी आळीपाळीने बसावे. घडी नीट धरून ठेवावी लागते.

(इ) मौखिक परीक्षेला मी बसेन ती माझ्याच खुर्चीत. निवृत्तीच्या दिवशी ती पुढच्या टंकलेखिकेला रीतसर पोच घेऊन देईन. कोणी "ही कोणाची?" असे विचारत खोलीत आले तर तिने काय उत्तर द्यावे, तेही लिहून ठेवीन.

विभागप्रमुख आज सकाळी आतल्या आवाजावर व्याख्यान द्यायला गेले असता, वहीची ताबेदार या नात्याने मी ही वस्तू ताब्यात घेतली आहे. विभागाच्या शिपायाने ती जिन्यावरून वर आणून दिली. तो म्हणाला, "बाई, एवढी जड आहे होय! आणि हे लोक उचलून पळत होते." त्याची साक्ष जोडली आहे.

घाई नाही. सात दिवस आहेत.

आपली नम्र, व यापुढे पाठ टेकून बसणारी,
(सही)
टंकलेखिका, प्राचीन ग्रीक साहित्य विभाग
दिनांक २३, सकाळी सव्वाअकरा

सोबत :
१. मौखिक परीक्षेचे पत्रक, सह्यांच्या दोन्ही जागा रिकाम्या.
२. जडसंग्रह नोंदवही, अनुक्रमांक ४७ च्या पानाची प्रत.
३. थोरल्या सरांच्या ग्रंथाचे पान २१२.
४. शिपायाची साक्ष.
५. प्रबंध, एक प्रत. थोरल्या सरांनी दुरुस्त केलेला स्वल्पविराम मी पुन्हा होता तसा केला आहे.
६. खुर्ची. अर्जास जोडता आली नाही. आपल्या दाराबाहेर आहे. मी तीवर बसले आहे.