समोरच्या सीटचं माप

॥ श्री ॥

आलापल्ली,
ता. १४ नोव्हेंबर १९५४

चि. मुखरूस इंदूचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सारे बरे आहोत; तुझी नि सौ. आशाची खुशाली कळवत जा.

तू मोठा ड्रायव्हर झालास, मान्य. भाऊबीजेला ट्रक घेऊन आलास, आम्हाला अहेरीच्या बाजाराला नेऊन आणलंस, इथवर फार छान झालं. पण समोर शेजारी बसवलंस कोणाला, तर ठेकेदाराच्या मुन्शीच्या पोराला! आणि सख्खी भाची मागं मिठाच्या पोत्यांत. शेवंता घरी येईपर्यंत रडत होती. तिचं एकच, मले मामाजवळ बसाचं होतं. सासूबाईंनी दारातच विचारलं, भाचीले पोत्यासंगं काऊन बसवलं म्हणून. हे काही बोलले नाहीत, पण मास्तर लोकांचं न बोलणं तुला ठाऊक आहे. लहानपणी बैलगाडीत पुढं बसण्यासाठी जमिनीवर लोळण घेणारा तूच ना रे?

दुसरं असं की याही पावसाळ्यात शेवंताला हिवतापानं सोडलं नाही. सलग दुसरं वर्ष. प्लीहा वाढली आहे, आणि आणखी एक पावसाळा या जंगलात काढला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर यांना म्हणाले. पाऊस लागायच्या आत तिला चांद्याला तुमच्याकडे पाठवावी असं आमच्या मनात आहे. आशाला विचार. तिला लेकरू नाही, तिचाही जीव रमेल.

राग आला तर येऊ दे, पण उत्तर टाक.

तुझी,
बाई

॥ श्री ॥

चांदा,
ता. २ डिसेंबर १९५४

सौ. बाईस मुखरूचा दंडवत. पत्र पोचलं, शिव्याही पोचल्या.

शेवंताला जरूर पाठव. आशानं आत्ताच तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे.

आता सीटचं. मुन्शीचा पोरगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याचे पाय खाली टेकतात म्हणून तो समोर बसला. मान देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. तुला हे सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. गेल्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडून हिरड्याची पोती घेऊन येत होतो. वाटेत सुकरी नावाची एक माडिया बाई भेटली, कडेवर तीन वर्षांचं पोर. ऊन रणरणत होतं. मीच तिला म्हटलं की मागं नको, समोर बस, पोराला मांडीवर घे. कोसभर गेलो नाही तो एक गोऱ्हा आडवा आला. मी ब्रेक मारला. गोऱ्हा वाचला, गाडीला ओरखडा नाही, मला काही नाही. पोर मात्र तिच्या हातातून सुटलं आणि समोरच्या लोखंडी फळीवर गेलं. त्याचा उजवा डोळा गेला, बाई. ती मला एका शब्दानं बोलली नाही. अजून त्या रस्त्यानं गेलो की ते पोर गाडी बघायला येतं आणि एका डोळ्यानं बघतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. पाठ मागं टेकलेली आणि पाय खालच्या फळीला टेकलेले, असं ज्याला बसता येईल तोच समोर. मांडीवर तर कुणालाच घेऊ देत नाही. लोंबत्या पायांचं लेकरू म्हणजे ताटलीत ठेवलेलं लिंबू. मागं पोत्यांच्या खोबणीत ते जास्त सुखरूप असतं. मालक हसतो, हसू दे.

शेवंतावर माझा जीव आहे, हे तिला समजावून सांग.

तुझाच,
मुखरू

॥ श्री ॥

आलापल्ली,
ता. २० एप्रिल १९५५

चि. मुखरूस आशीर्वाद. तुझं डिसेंबरातलं पत्र मी यांनाही वाचून दाखवलं. त्या पोराचं ऐकून आम्हा दोघांना फार वाईट वाटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

पण इकडे पेच पडला आहे. शेवंताला मार्चमध्ये पुन्हा ताप येऊन गेला. सर्व्हिस मोटारीत तिला पेट्रोलच्या वासानं इतक्या उलट्या होतात की मागच्या वेळी अर्ध्यातून उतरवावी लागली. ट्रकात मागं बसवली तर मे महिन्याचं ऊन, आणि अंगात त्राण नाही. समोर बसली तर सावली आणि वारा, दोन्ही मिळेल. यांना रजा मे अखेरीस आहे. त्यानंतर पाऊस लागला की नदी कोण उतरू देणार?

म्हणून तुझ्या नियमानंच चालू. सोबत दोरा पाठवते आहे. कमरेपासून टाचेपर्यंत शेवंताचं माप, मधली गाठ गुडघ्याची. मी भाकरी थापत होते, म्हणून सासूबाईंनी घेतलं. तू सीटला लावून बघ आणि खरं काय ते कळव. पोरगी दिवाळीपासून उंच झाली आहे असं मला तरी वाटतं. रोज दाराच्या चौकटीशी उभी राहून विचारते, आता टेकतील का वो पाय?

नाही म्हणालास तर आम्ही रागावणार नाही. पण मग कसं आणायचं, तेही तूच सांग.

आशाला आशीर्वाद.

बाई

॥ श्री ॥

चांदा,
ता. ६ मे १९५५

सौ. बाईस दंडवत.

दोरा मिळाला. सीटला लावून पाहिला. कंबर मागं धरली, गाठ बरोबर काठावर आली, आणि टोक खालच्या फळीला टेकलं. शेवंता पास झाली! तिला सांग, मामा म्हणाला की आता तू समोरची बाई झालीस.

माझी गाडी इंजिनाच्या कामासाठी नागपूरला अडकली आहे, पण आमच्याच मालकाकडचा दुसरा ड्रायव्हर लटारूभाऊ २४ तारखेला आलापल्लीहून निघतो. भला माणूस, हात सावध. त्याची गाडी माझ्याच मेकची, सीटही तीच. शेवंताला समोर बसवायला माझी हरकत नाही, असं मी त्याला लिहून दिलं आहे. तोही माझ्यासारखाच या बाबतीत कडक आहे. समोर तो, मुन्शी आणि शेवंता. गुणवंतराव मागं पोत्यांवर. जावयाला मागं बसवतो आहे, आता तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं ते तू बघ.

गोधडी तयार आहे.

तुझा आनंदात असलेला,
मुखरू

चांदा,
ता. ३० मे १९५५

सौ. बाईस,

हे पत्र गुणवंतरावांच्या हाती देतो आहे. ते घरात पाऊल टाकतील तेव्हाच तुला सगळं कळेल. तरी माझ्या हातानं लिहायला पाहिजे म्हणून लिहितो.

उतारावर जंगलातून रोह्यांचा कळप आडवा आला. लटारूभाऊनं ब्रेक मारला. दुसऱ्या कोणत्याही ड्रायव्हरनं तेच केलं असतं. मुन्शीचं मनगट मुरगळलं, बाकी कुणाला खरचटलंही नाही. शेवंताचं कपाळ लोखंडी फळीवर आदळलं. लटारूभाऊनं कुठं न थांबता गाडी चांद्याच्या दवाखान्यात आणली. तीन दिवस आम्ही बसून होतो. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, आशाला ओळखलं नाही, मला ओळखलं. मामा, मी समोर बसली, म्हणाली. सत्तावीस तारखेला पहाटे गेली. इरई नदीच्या काठी ठेवून आलो. तुझी वाट बघायला हवी होती, पण या दिवसांत ठेवणं शक्य नव्हतं.

लटारूभाऊ जेवत नाही. त्याला मी सांगितलं आहे, तुझा दोष नाही, माप मी लावून पाहिलं होतं. मी सीट मोजण्यात चुकलो, बाई. कुठं चुकलो ते कळत नाही. गाडी नागपूरहून आली आहे. रोज जाऊन दोरा लावतो, तो रोज टेकतो. मालकाला सांगून काम सोडलं आहे.

मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर माझ्यानं ते वाचलं जाणार नाही.

मुखरू

आलापल्ली,
ता. १८ जुलै १९५५

चि. मुखरूस,

लिहू नकोस म्हणालास, पण लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

दीड महिना सासूबाई धड जेवत नव्हत्या. मला वाटलं, नातीचं दुःख. परवा आमच्या धाकट्या लेकाला ताप भरला. त्याच्या उशाशी बसल्या असताना त्या एकाएकी बोलल्या. तो दोरा त्यांनी मापाबरोबर तोडला नव्हता. जित्या लेकराचं उघडं, नेमकं माप देऊ नाई, ते मेलेल्याचं असते, असं त्यांच्याकडे मानतात. म्हणून गाठीच्या अलीकडे दोन बोटं आणि पलीकडे दोन बोटं वाढीची सोडली. पोरीला आयुष्य मिळावं म्हणून सोडली. दोरा कशासाठी हवा, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, मामा भाचीला परकर शिवतो आहे.

तेव्हा तू सीट चुकीची मोजली नाहीस. हे तुला कळायलाच हवं. आता मी सासूबाईंकडे पाहते तेव्हा मला राग येतो, मग वाढीची बोटं सोडणारे त्यांचे हात दिसतात आणि मी त्यांच्यापुढं ताट सरकवते. हे त्यांच्याशी आणि त्या यांच्याशी बोलत नाहीत. एका घरात तीन माणसं तीन कोपऱ्यांत बसलो आहोत.

तू काम सोडू नकोस. तू चुकला नाहीस.

बाई

चांदा,
ता. ९ ऑगस्ट १९५५

सौ. बाईस मुखरूचा दंडवत.

तुझं पत्र वाचून सुटलो असतो तर किती बरं झालं असतं. पण तुझ्याशी खोटं बोलून मला जगता येणार नाही.

वाढीची दोन बोटं मला माहीत होती. आपली आईसुद्धा सोडायची. शिंप्याकडे माझं माप द्यायची तेव्हा सदरा नेहमी ढोपराला लागायचा, तू हसायचीस. दोरा हातात आला तेव्हा तो मला लांब वाटला. दिवाळीत मी शेवंताला उचलली होती, तिचे पाय मला ठाऊक होते. सहा महिन्यांत, तेही तापातून उठलेलं लेकरू, एवढं वाढतं का? दोन बोटं कमी करून बघावं हे मनात आलं होतं. आलं आणि मी ते बाजूला सारलं. भाऊबीजेपासून मी नाही म्हणणारा मामा होतो. एकदा मला हो म्हणायचं होतं. पत्र मिळाल्यावर ती उड्या मारेल, हे मला दिसत होतं.

त्या म्हातारीनं नातीला आयुष्य दिलं, बाई. मी मात्र माहीत असूनही ती वाढ वजा केली नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. गुणवंतरावांना दाखवू नकोस असं लिहिणार होतो, पण त्यांनाही दाखव. मग ते जे ठरवतील ते मला कबूल आहे.

मुखरू

आलापल्ली,
ता. २ सप्टेंबर १९५५

चि. मुखरूस आशीर्वाद.

तुझं पत्र दोघांसमोर वाचलं. सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. हे उठून बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आले आणि मुखरूला बोलावून घे, एवढंच म्हणाले. त्या दिवशी दोघांनी एका जागी बसून भाकर खाल्ली.

आता माझं ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी लटारूभाऊनं शेवंताला उचलून सीटवर ठेवलं आणि तो हँडल मारायला समोर गेला. हे मागं चढले होते. मी दारापाशी उभी होते, धाकटा कडेवर. मी तिला म्हटलं, मामानं सांगितलं तसं पाठ टेकून, पाय टेकून बस. तिनं पाठ टेकली, तर पाय वर राहिले. मग ती हळूच पुढं सरकली, अगदी काठावर आली, आणि तिचे अंगठे फळीला लागले. लगेच तिनं माझ्याकडे पाहिलं, आईला कळलं की काय म्हणून. मला सगळं कळलं होतं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. मी तिला उतरवू शकत होते. मी हसले, मुखरू. तीही हसली. मग मुन्शी चढला आणि त्यानं दार लावून घेतलं.

दिवाळीला ये. आशालाही आण.

तुझी वाट पाहणारी,
बाई