तीन आकडी टायर आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, अँजेलिना सायमन तुस्कानो, वय सत्तावीस, फार्मासिस्ट, राहणार सांडोर, वसई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. हे लिही म्हणून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लिहू नकोस म्हणून मात्र आहे. मम्मी दोनदा येऊन पेनाला टोपण लावून गेली.

मला कोणताही आजार नाही. कारण वेगळे आहे. येत्या रविवारी माझा भाऊ ऑस्टिन याचे लग्न आहे. आमच्या घरची रीत अशी, की नवरदेवाच्या बहिणीने घरच्या बुलेटवर मागे बसून नवरीचा पोशाख तिच्या घरी पोचवायचा. पप्पांच्या लग्नात आत्याने नेला, ज्युलियसकाकाच्या लग्नातही तिनेच. आता माझी पाळी. नवरी ब्रिटनी आगाशीची. बुलेट १९७४ सालची. चालवणार ज्युलियसकाका, म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. आणि बुलेटचे टायर माझ्याहून वयाने मोठे आहेत.

कलम १. माझी बँकेतली सर्व शिल्लक आणि विम्याचे जे काही येईल ते मम्मीला, श्रीमती शर्ली सायमन तुस्कानो यांना. तिने त्यातून आधी गुडघ्यांचे ऑपरेशन करावे. "बघू ख्रिसमसनंतर" हे उत्तर चालणार नाही. चार ख्रिसमस झाले.

कलम २. पप्पांची हत्यारांची पेटी ऑस्टिनला. पप्पा एसटीच्या डेपोत फिटर होते. मला आकडे त्यांनीच शिकवले, शाळेत घालण्याच्या आधी, अंगणात पडलेल्या टायरांवर खडूने गिरवून. टायरचे वय टायरवरच लिहिलेले असते, हेही त्यांचेच शिकवणे. शेवटचे चार आकडे बघायचे: पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. दोन हजार सालाच्या आधी तीनच आकडे छापत. ऑस्टिनला हे सगळे माझ्यासोबतच शिकवले होते. तो तेव्हा पेरूच्या झाडावर होता. पेटीतला चौदा नंबरचा पाना त्याने हरवलेला आहे, मी नाही. हे एकदा लेखी राहू दे.

कलम ३. बुलेट. पप्पांनी ती जाताना माझ्या नावावर केली, तरी तिच्याबद्दल घरात मला कोणी काही विचारत नाही. माझ्यामागे ती ज्युलियसकाकाला मिळावी. चार वर्षे रोज सकाळी तोच तिला पुसतो. रविवारी तो माझ्या पुढे बसलेला असणार, त्यामुळे कदाचित या कलमाचा उपयोग व्हायचा नाही. तसे झाल्यास बुलेट ब्रिटनीला मिळावी, कारण तिने अजून या विषयावर माझ्याशी वाद घातलेला नाही.

कलम ४. टायरांबाबत मी काय काय केले त्याची नोंद, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की अँजेलिना आधी बोलली नाही.

मी तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा विचारले. काका म्हणाला, "अगं, नक्षी बघ. बोट बुडतं आत. नवेच आहेत." नक्षी झिजेल कशी? गाडी वर्षातून दोनदा बाहेर पडते. रबर मात्र बसल्या जागी म्हातारे होते. मी नख रोवून दाखवले, खूण उठली नाही. काका म्हणाला, "तुझी नखंच मऊ."

मग तो म्हणाला, "हे बघ, लिहिलंय, तीन पंचवीस, एकोणीस. दोन हजार एकोणीसचा माल आहे." ते चाकाचे माप आहे. हे मी त्याला अकरा वेळा सांगितले आहे.

नंतर त्याने दोन्ही टायरांना खोबरेल चोळले. भेगा दिसेनाशा झाल्या. त्याला वाटले, गेल्या.

खरा आकडा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि आमच्याकडे टायर बसवताना ती बाजू सायलेन्सरकडे गेली आहे. मी जमिनीवर पाठीवर झोपून, मोबाईलच्या उजेडात, दात घासायच्या ब्रशने धूळ काढून वाचला: २६८. सव्विसावा आठवडा, आठ साल. ते अठ्ठ्याऐंशी की अठ्ठ्याण्णव, हे मला ठरवता आले नाही. नव्वदनंतरच्या आकड्यांपुढे छोटा त्रिकोण छापत; इथे शेजारी एक त्रिकोण असावा, म्हणजे अठ्ठ्याण्णव. पण ते वंगणही असू शकेल. मृत्युपत्रात खोटे लिहायचे नाही, म्हणून दोन्ही साले लिहिली. ती गोळी असती तर मी दोन्ही सालांची फेकली असती.

हे घरात सांगितल्यावर ऑस्टिन म्हणाला, "फादरांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलंय. आता तू अपशकुन करू नकोस." मी म्हटले, फादरांनी टायरची तारीख पाहिली होती का? त्यावर मम्मी रडली. मी नाही गेले तर वहिनीचा पहिला दिवसच अपमानाने सुरू होईल, असे सर्वांचे मत पडले. म्हणून मी बसणार आहे, आणि म्हणून हे लिहिते आहे.

कलम ५. अंत्यविधीला बँड नको. माझी फुले घराच्या वाडीतलीच असावीत.

कलम ६. (आजच, सही करण्यापूर्वी वाढवले.) साक्षीदार म्हणून मी शेजारच्या व्हिव्हियनला बोलावले. त्याच्या मागोमाग काका आला आणि त्याने सगळा कागद उभ्याने वाचला.

"माझ्या मरणाची पण सोय केलीस?"

"तू पुढे बसतोस, काका."

"आणि गाडी मला देतेस? एवढं सगळं लिहून?"

"पुसतोस तू. मग कोणाला देऊ?"

तो अंगणात गेला. बासष्टाव्या वर्षी सदऱ्यासकट मातीत आडवा झाला आणि म्हणाला, "बॅटरी धर." मी धरली.

"दोन... सहा... आठ. पुढे?"

"पुढे काही नाही. तिथेच संपतं."

त्याने आडव्यानेच विचारले, "आणि मी तुला यावर बसवून नेणार होतो?" मी बॅटरी बंद केली. त्याने पाने मागवले आणि दोन्ही चाके काढून पडवीत उभी केली. बुलेट आता विटांवर आहे, नवे टायर यायचे आहेत.

आत येऊन त्याने पेन मागितले. मी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदाराची सही केली, तर कायद्याने त्याला ते मिळत नाही. दुसऱ्या साक्षीदाराची सही करायला समोरच्या घरातले श्रीपतमामा येतील. तो म्हणाला, "तू गेल्यावर मिळणारी गाडी मी चालवीन असं वाटलं तुला? आण इकडे." त्यामुळे कलम ३ मधले त्याचे नाव मी खोडले असून बुलेट ब्रिटनीच्या नावे राहील.

मृत्युपत्र मी फाडत नाही. नव्या टायरांवरही काका चालवतो तसाच चालवतो.

लिहून देणार: अँजेलिना सायमन तुस्कानो (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. व्हिव्हियन पास्कल लोपीस (सही)
२. ज्युलियस तुस्कानो (सही). शनिवारपर्यंत टायर नाही आले तर रिक्षा. पोशाख मी मांडीवर धरीन. — ज्यु.

सांडोर, वसई, जि. पालघर
मंगळवार, २७ जानेवारी २०२६