हॉलिसचं पिस्तूल अडकलं तेव्हा

प्रिय लोर्ना,

तुझे फोन वाजतात ते मला ऐकू येतात गं, मी घरातच असते. उचलत नाही, एवढंच. उचलला की तू विचारणार कशी आहेस, मी म्हणणार बरी आहे, आणि मग दोघी दोन टोकांना गप्प बसून राहणार. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. लिहिताना मध्येच थांबलं तरी कुणी "ऐकतेयस ना?" म्हणत नाही.

तू फोनवर ठेवलेल्या निरोपात विचारलं होतंस की तुझी लेक टीगन नोकरीसाठी सिनसिनाटीला एकटी राहायला जातेय, कामाची पाळी संपवून अंधारात घरी येणार, तर तिच्यासाठी पिस्तूल स्वस्तातलं चालेल की नावाजलेलंच घ्यावं. तो निरोप मी परत लावून ऐकला. जिनं आयुष्यभर घरात बंदूक येऊ दिली नाही, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आलेल्या माझ्या नवऱ्याला, हॉलिसला, "कमरेचं ते गाडीत ठेवून ये, मग टर्की मिळेल" म्हणून दारातून परत पाठवलं, ती माझी बहीण मला पिस्तुलांचे भाव विचारतेय! पूर्वीची मी असते तर हसून हसून पोट दुखलं असतं. आता हसू आलं नाही. खरं सांगू का, हॉलिस गेल्यापासून मला काहीच येत नाही. हसू नाही, रडू नाही. चर्चमध्ये बायका हात धरून म्हणतात, वर्ना मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा. धीर धरायला आधी काहीतरी दुखावं लागतं. माझं काही दुखतच नाही. लोकांनी दुखवट्याला आणून दिलेली जेवणाची काचेची भांडी अजून ओट्यावर पडली आहेत, तळाला चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव आहे, फक्त धुऊन परत करायची आहेत. रोज बघते आणि रोज तशीच ठेवते. कॉफी जीभ भाजेपर्यंत गरम आहे हे भाजल्यावर कळतं, आणि तेही कुणा दुसऱ्याची जीभ भाजल्यासारखं.

असो. तुझं उत्तर आधी देते. बर्लच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे माझी निम्मी हयात गेली, हे उत्तर मला झोपेतही देता येतं. हल्ली बहुतेक झोपेतच देते. सगळी गिऱ्हाइकं एकच विचारतात, स्वस्तातलं दगा तर देणार नाही ना? मी सांगते, नावाजलेल्याच्या पैशात स्वस्तातली तीन येतात, आणि तरी ते तिप्पट चांगलं नसतं. त्याचा चाप मऊ असतो, नेम बारीक लागतो, हातात बसतं छान, विकायला काढलं तर बरी किंमत येते. स्वस्तातलं जाडंभरडं, जड, चाप ओढताना कुरकुरणारं. पण बहुतेक वेळा अडकतं ते पिस्तूल नव्हे, त्यात भरलेली भंगार काडतुसं अडकतात, नाहीतर गोळ्या भरायच्या मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते. तेव्हा अगदी कचऱ्यातलं घेऊ नका, साधं घ्या, उरलेल्या पैशाच्या गोळ्या घ्या आणि दुकानामागच्या मैदानात येऊन त्या संपवा. पेटीभर गोळ्या न अडखळता सुटल्या तर ते पिस्तूल तुमचं. न वापरता उशाशी ठेवलेलं महागडं पिस्तूल म्हणजे नुसता पेपरवेट. टीगनलाही हेच सांग. घेण्याआधी शिकायला ये म्हणावं, बर्ल पैसे घेणार नाही.

हॉलिसला माझं हे कधीच पटलं नाही. त्याचं म्हणणं, पॅराशूट आणि पिस्तूल यात घासाघीस करू नये. खाणीतली नोकरी गेल्यावर ट्रक चालवून, जादा फेऱ्या मारून त्यानं आपलं ते नावाजलेलं घेतलं होतं, तुला आठवत असेल, त्या वर्षी आम्ही कुठे समुद्रावर गेलो नाही. रविवारी चर्चमधून आला की टाय काढायच्या आधी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा आणि ते सुटं करून पुसत बसायचा. मी बीन्सचं पातेलं ठेवायला जागा मागितली की म्हणायचा, "थांब, महाराणीची आंघोळ चाललीय." माझ्या स्वस्तातल्या पिस्तुलाला तो खलबत्ता म्हणायचा. गोळ्या संपल्या तर फेकून मार, चोर त्यानंच आडवा होईल. मी म्हणायची, तुझी महाराणी एक दिवस ऐन वेळी रुसून बसेल तेव्हा हाच खलबत्ता तुला वाचवायला येईल. इतकी वर्षं आम्ही हे भांडण पुरवून पुरवून खाल्लं. दोघांनाही ते संपायला नको होतं. महाराणी मात्र कधी रुसली नाही. त्याच्या हातात एकदासुद्धा अडकली नाही, हे मीच चारचौघांत कबूल करते.

तर आता शनिवारची गोष्ट. बर्ल दरवर्षी उन्हाळ्यात मागच्या मैदानात 'स्वस्त की महाग'चा दिवस करतो, हॉट डॉग फुकट, ज्याला हवं त्यानं दोन्ही पिस्तुलं चालवून बघावीत. सुरुवात दुकानातल्या माणसानं करायची अशी रीत आहे. बर्ल म्हणाला, या वर्षी महागातलं हॉलिसचं आण, सगळ्यांना माहीत आहे ते, त्याचीही आठवण होईल. मला हो म्हणायलाही काही वाटलं नाही, नाही म्हणायलाही नाही. नेलं. तिसरी का चौथी गोळी सुटली आणि अडकलं. मोकळं केलं, पुन्हा दोन सुटल्या, पुन्हा अडकलं. दुसरं मॅगझिन घातलं तरी तेच. मग खलबत्ता उचलला, तर त्यानं आपलं ठो ठो करत सगळं मॅगझिन रिकामं केलं, गोळ्या नेमाच्या कागदावर कुठेही पडल्या खऱ्या, पण पडल्या. लोकांची नुसती जत्रा झाली. म्हातारा टॅकेट तुला माहीत आहे, त्याच्या तोंडाला कुलूप नाही. म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं! हॉलिस वरून बघत असेल तर लाजून ढगाआड गेला असेल." सगळे हसले, आणि मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. टॅकेटनं टोपी काढली बिचाऱ्यानं. मी म्हटलं, हसा की, मला काही लागलं नाही. ते खरंच होतं, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं. हॉलिसच्या पिस्तुलाची अब्रू गेली, आणि मी कागदी ताटलीत मोहरीचा सॉस ओतत होते. बर्लकडची स्वस्तातली पिस्तुलं त्या दुपारी झाडून खपली.

घरी येऊन मी काय करावं? आमच्या धंद्यातली माणसं करतात तेच. पिस्तूल अडकलं ना, मग खोट पिस्तुलातच शोधायची. वर्तमानपत्र पसरलं, सगळं सुटं केलं, भिंग लावून एकेक भाग बघितला. काही नाही, हॉलिसनं पुसून पुसून आरसा केलाय त्याचा. तरी स्प्रिंग बदलली. मॅगझिनं नवी घातली. काडतुसं बदलली, महागातली घेतली. रोज दुकान बंद व्हायच्या आधी मैदानात जाऊन चालवायची, आणि रोज अडकायचं. गिऱ्हाइकाला मी पहिल्याच मिनिटाला काय विचारलं असतं ते मला स्वतःला विचारायचं सुचलं नाही, यावरून काय ते समज.

शेवटी बुधवारी बर्ल मागे येऊन उभा राहिला. बर्ल स्पर्लॉक म्हणजे बोलायला पैसे पडतात असा माणूस. त्यानं माझ्या हातातून पिस्तूल घेतलं आणि एका दमात सगळं मॅगझिन रिकामं केलं. कुठे अडकलं नाही. पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं केलं. मग ते फळीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर्ना, पिस्तूल ठणठणीत आहे. तू ते धरतच नाहीयेस."

लोर्ना, गोळी सुटते तेव्हा पिस्तुलाचा वरचा भाग धक्क्यानं मागे जातो आणि पुढे येताना नवी गोळी आत घेतो. त्याला मागे जायला धरणाऱ्याचं मनगट घट्ट लागतं. मनगट सैल असलं तर पिस्तूलच हाताबरोबर मागे येतं, आणि गोळी अर्ध्यातच अडकते. माझा खलबत्ता आपल्या वजनावर निभावून नेतो, महाराणी वजनानं हलकी, तिला ते जमत नाही. नव्या गिऱ्हाइकाचं पिस्तूल अडकलं की ते कंपनीला शिव्या घालत येतं, आणि मी हसून म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं, हात दाखवा बघू. हजारदा म्हटलं असेल. बर्लनं माझी बोटं धरून मुठीवर बसवली, म्हणाला आवळ. मी आवळलं. म्हणाला, आवळ गं. मी म्हटलं, आवळलंय की. त्यानं एका बोटानं पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाला, विल्मानं कॉर्नब्रेड केलाय, घरी चल जेवायला. मी नाही म्हटलं, भांडी धुवायची आहेत म्हटलं. धुतली नाहीत.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते, नाहीतर टीगनचं निमित्त करून हेही राहून जाईल. काल दुपारी मी हॉलिसचं पिस्तूल घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. मैदान नव्हतं, समोर कागद नव्हता, अवतीभवती कुणी नव्हतं. आणि काल माझा हात घट्ट होता. गेल्या चार महिन्यांत ज्या हाताला कप नीट धरता आला नाही, त्यानं ते असं धरलं होतं की बर्लला दोन्ही हातांनी निघालं नसतं. किती वेळ बसले माहीत नाही. पोस्टाची गाडी आली, टॉमीनं नेहमीसारखा हॉर्न दिला, तेव्हा ते खाली ठेवलं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. म्हणून लिहितेय. आमच्या धंद्यात अशा वेळी काय करतात ते तुला माहीत नसेल, कुणी बाहेर बोलत नाही. घटस्फोट झालेला, नोकरी गेलेला, मुलगा गेलेला माणूस दुकानात येतो, आपली बंदूक काउंटरवर ठेवतो, म्हणतो, थोडे दिवस ठेवता का. आम्ही का म्हणून विचारत नाही. मागच्या लोखंडी कपाटात ठेवतो आणि म्हणतो, तुझ्या सवडीनं ने. मी कितीतरी जणांच्या ठेवून घेतल्यात, आणि त्यातले पुष्कळ पुढे हसत न्यायला आलेत. मीही ही दोन्ही पिस्तुलं तिथेच ठेवली असती, पण त्या कपाटाची किल्ली माझ्याच गळ्यात असते. बर्ल उद्या सकाळी माल आणायला तुमच्या लेक्झिंग्टनला येतोय, हे पत्र त्याच्या हाती देते, म्हणजे उद्याच तुझ्याकडे पोचेल. तोवर मी बर्लच्या घरी, विल्माकडे झोपायला जातेय. तिला सांगितलंय घरात उंदीर झालेत. तिचा विश्वास बसलेला नाही, पण तिनं गादी घातलीय. पत्र वाचलंस की गाडी काढ आणि इकडे ये. मागचं दार उघडं असेल. टेबलावर दोन्ही पिस्तुलं आहेत, रिकामी करून उघडी ठेवली आहेत, तुला हात लावायला भीती वाटायला नको, उशीच्या अभ्र्यात घाल आणि गाडीत टाक. मग विल्माकडे येऊन मलाही घेऊन चल. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार असलीस तर ने, मी कुरकुर करणार नाही. आणि लोर्ना, पिस्तुलं कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस. मी गोड बोलून विचारलं तरी नाही, भांडले तरी नाही.

तुझीच,
वर्ना